टाकी नऊशे पावलं

आमच्या कॉलनीत कुणाला पत्ता विचारायचा असेल तर रहांगडाले काकांना विचारू नये. ते डावीकडे-उजवीकडे सांगत नाहीत, पावलं सांगतात. "पाण्याची टाकी? नऊशे पावलं. सीदे जा." विचारणारा मोटरसायकलवर बसलेला असला तरी पावलंच.

काका निवृत्त पोस्टमन. बिरसी विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या या वस्तीत ते माझ्या घरासमोर राहतात. डोक्यावरून शिकाऊ विमान घरघरत गेलं की वर बघून म्हणतात, "उडते कायले? चक्कर मारून वापस इथंच येते. आपले पाय बरे."

मी आकड्यांचा माणूस. गॅसचं सिलिंडर किती दिवस पुरलं ते कॅलेंडरवर लिहून ठेवतो. दिवाळीत त्यांचं "नऊशे" ऐकून मला राहवेना. त्यांच्या गेटपासून टाकीपर्यंत स्वतः चाललो. चारशे चाळीस. खात्रीसाठी पुन्हा चाललो. चारशे बेचाळीस.

"काका, मी मोजली, चारशे चाळीस भरली. तुमचा आकडा दुपटीनं चुकतो."

"तुमची पावलं लंबी आहेत, भाऊ."

काका माझ्याहून वीतभर उंच आहेत.

संक्रांतीला तीच टाकी आठशे दहावर आली. होळीला सातशे चाळीस.

"टाकी इकडे सरकून राहिली का, काका?"

"सरकू द्या नं बाप्पा! तुमचं काय जाते?" ते भलतेच खुशीत होते.

उन्हाळ्यात कॉलनीनं कोपऱ्यावर पाटी लावायचं ठरवलं. टाकी, मारुतीचं देऊळ, बंद राइस मिल आणि प्रत्येकासमोर अंतर. मोजणी अर्थात माझ्याकडे. टेप धरून मोजलं, टाकी तीनशे आठ मीटर. संध्याकाळी पेंटर रंग ढवळत असताना काका लगबगीनं आले.

"मीटर नोको, पावलं लिवा. अन् रंगानं नोको, खडूनं लिवा."

"खडूनं काऊन? पावसात पुसून जाईल."

"जाऊ द्या. आकडा बदलून राहिला नं. रंगवला म्हंजे तिथंच अटकला."

पेंटर म्हणाला, "चाचा, टंकी में पहिये लगे हैं क्या?" सगळे हसले. मीही हसलो. काका मात्र मान खाली घालून घरी गेले. पेंटरला म्हटलं, आज फक्त नावं रंगव, आकडे उद्या.

तरी मनातून आकडा जाईना. आपलंच काही चुकलं असेल म्हणून पहाटे साडेपाचला टेप घेऊन मी पुन्हा टाकीशी गेलो.

समोरून काका येत होते, उलटे चालत. त्यांच्या दोन्ही हातांत काकूंचे हात. मागच्या दसऱ्याआधी काकूंना लकवा झाला, तेव्हापासून कॉलनीत त्या कुणाला दिसल्या नव्हत्या. डावा पाय ओढत त्या दोन-दोन वीत पुढे सरकत होत्या आणि काका मोजत होते.

"सहाशे ऐंशी... थकली का, शेवंते?"

"चूप बसा. गिनती चुकन."

सहाशे नव्वदला काकूंनी टाकीच्या खांबाला हात लावला. मग मला पाहिलं आणि पदर तोंडावर ओढला.

काका माझ्याजवळ आले. "कोणाले सांगू नोका, भाऊ. तिले लोकायनं पाह्यलेलं आवडत नाई." मग म्हणाले, "पाऊल लंबं झालं का आकडा कमी होते. तुमी चारशे चाळीस सांगतले होते नं? तेवढ्यात आली म्हंजे पह्यल्यासारखी चालली. थेच धरून चालून राहिलो आमी."

मी टेप गुंडाळून खिशात टाकली.

त्या दिवशी टाकीचा आकडा न रंगवताच पेंटरला मी परत पाठवलं. टाकीच्या मोजणीचा ताळा जुळत नाही, असं कॉलनीला सांगितलं. माझ्या तोंडून हे ऐकून लोकांना नवल वाटलं. पाटीवर टाकीसमोरची जागा काळी कोरीच आहे. खालच्या पट्टीवर खडूचा तुकडा मी ठेवतो. पावसानं विरघळला की दुसरा ठेवतो.

काल तिथं 'सहाशे पंचावन्न पावलं' लिहिलं होतं. एका पाहुण्यानं पाटी वाचून मला विचारलं, "टाकी तर ही समोर दिसते. खरंच एवढी पावलं आहेत?"

"आज आहेत," मी म्हटलं.