बंडप्पाचा बरा पाय

चूक माणसाच्या हातून होते. तीच सरकारी माणसाच्या हातून झाली की तिला निर्णय म्हणतात, आणि निर्णयावर औषध नसतं. निजामाच्या राज्यात, मोठ्या लढाईच्या दिवसांत, भूमकडच्या एका बाजाराच्या गावी बंडप्पाला हे ज्ञान पायावाटे प्राप्त झालं.

बंडप्पा कापडाचा फिरता व्यापारी. पाठीवर लुगड्यांचं गाठोडं, कपाळावर भस्म, आणि चाल अशी की टांगेवाले त्याला बघून तोंड फिरवत. भूम, कळंब, परंडा हे सगळे बाजार तो पायीच करायचा. एका सकाळी गाईसाठी कडबा काढताना तो गंजीवरून घसरला आणि डाव्या पायावर आला. हाड कडकन वाजलं. बायकोनं, सिद्धम्मानं, गाडी जुंपायला लावली आणि त्याला थेट सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरसाहेब हैदराबादेहून नवेच आलेले. सभ्य, मेहनती. (मेहनती माणसाची चूकसुद्धा नेटकी असते.) त्यांनी विचारलं, "कौनसा पाँव?"

"डावा, सायेब," बंडप्पा कण्हला.

"दायाँ? अच्छा," म्हणत साहेबांनी उजव्याला हात घातला.

दायाँ म्हणजे उजवा हे बंडप्पाला माहीत नव्हतं आणि डावा म्हणजे काय हे साहेबांना. दोन्ही भाषा जाणणारा कंपाउंडर व्यंकट शेजारीच उभा होता. पण साहेब तपासत असताना मधे बोलणं त्याच्या नोकरीत बसत नव्हतं.

"ह्यो न्हाय, त्यो!" बंडप्पानं बोट दाखवलं.

साहेबांनी घाई केली नाही. दोन्ही पाय शेजारी ठेवून शास्त्रोक्त विचार केला. एक पाय जाडजूड, टरटरीत, तांबूस, म्हणजे निरोगी. दुसरा त्याच्या मानानं वाळलेला, म्हणजे आजारी. जाड पायाला बोट लावताच बंडप्पा किंचाळला. त्यात जीव होता. बारक्या पायाला ठोकलं तरी हूं की चूं नाही. त्यातली संवेदनाच गेलेली. प्रकरण गंभीर होतं. उजव्या पायावर मांडीपर्यंत प्लास्टर चढलं.

"आवो, पर मोडलाय डावा!" सिद्धम्मा व्यंकटाला म्हणाली.

"अक्का, सायबांनी पाय ठरवलाय," व्यंकट हळूच म्हणाला. "आता त्यो बदलता येत न्हाय."

मग बंडप्पा घरी पडून राहिला. एक पाय हलवता येत नव्हता आणि दुसरा हलवायची सोय नव्हती. गाठोडं सिद्धम्मानं डोक्यावर घेतलं आणि बाजार धरले. डाव्या पायाला सरकारी मदत नसल्यानं तो स्वतःच्या अकलेनं जुळत गेला, आणि अक्कल त्याला बेताचीच असल्यानं वाकडा जुळला.

पावसाळा सरताना प्लास्टर कापलं. आतून उजवा पाय निघाला तो सरळ, धट्टाकट्टा! साहेबांचे डोळे पाणावले. हाड कुठं मोडलं होतं हे शोधूनही सापडेना, इतकं बेमालूम जुळलेलं. ही वार्ता वर गेली आणि अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचे सगळ्यांत मोठे साहेब, तो पाय पाहायला जातीनं आले. बंडप्पाला चालायला सांगितलं. तो दाणकन लंगडला.

"लंगडाता क्यूँ है?"

"हुजूर, वो दूसरा पाँव है," डॉक्टरसाहेब अदबीनं म्हणाले. "उसका इलाज नहीं हुआ."

आणखी पुरावा तो कोणता हवा? उपचार झालेला पाय सरळ, न झालेला वाकडा; तेही एकाच माणसाचे. पाटलांनी मान डोलावली, कचेरीच्या कारकुनांनी, पेशकारांनी डोलावली, व्यंकटानं दोनदा डोलावली. बंडप्पाला काही तक्रार आहे का, असं विचारलं गेलं. त्यानंही मान डोलावून नाही म्हटलं.

या यशानं दवाखान्याची पद्धत कायम झाली. आजारी अवयवावर उपचार करावेत तर निकालाची खात्री नाही. निरोगी अवयव मात्र हमखास बरा होतो. पोटशूळानं वाकलेला हरिबा गळा दाखवून गेला. रुद्रम्मानं दुखरा डोळा पदराआड झाकून धड डोळ्यात थेंब घालून घेतले, आणि त्या डोळ्यानं तिला लख्ख दिसलं. गुण आला नाही असा रोगी औषधाला मिळेना. काही जण दगावले, पण त्याचा उपचारांशी संबंध नव्हता. उपचार झालेला अवयव शेवटपर्यंत ठणठणीत होता.

थंडीत सिद्धम्माला हिवताप चढला. तीन घोंगड्यांखाली ती कुडकुडत होती. बंडप्पा काठी टेकत दवाखान्यात गेला.

"ताप कुणाला?" व्यंकटानं विचारलं.

"बायकूला."

"मंग औषध तुमी घ्या," असं सांगून त्यानं हिवतापावरच्या कोयनेलची बाटली दिली.

बंडप्पा घरी आला, देवासमोर हात जोडले आणि बाटली तोंडाला लावणार तोच सिद्धम्मानं घोंगड्या भिरकावून ती हिसकावली. एवढी शक्ती तिच्यात कुठून आली, देव जाणे. रोज ते कडू पाणी ती स्वतःच पीत राहिली. ताप उतरला. दवाखान्याच्या कारभारात रोग्यानंच औषध घेतल्याचा हा एकमेव गैरप्रकार. व्यंकटानं मोठ्या मनानं तो वर कळवला नाही.

उठून बसल्यावर तिनं विचारलं, "पाय तुमचा, कळा तुमच्या. मग त्या सायबाम्होरं मान कशापाय डोलावली?"

बंडप्पा गुडघा चोळू लागला. "समदेच डोलवत व्हते," तो म्हणाला. "माजी एकट्याचीच कशी ताठ ठिऊ?"

सिद्धम्मानं त्याची काठी उचलून त्याच्या हातात दिली, आणि तेच त्याला पायापेक्षा जास्त दुखलं.

पुढं पायी चालणं सुटल्यानं घोडं घेऊन बाजार करताना बंडप्पा ही हकिकत स्वतःच लोकांना सांगू लागला. ती प्रत्येक गावी चालली. लोक पोट धरधरून हसायचे आणि शेवटी डोळे पुसत म्हणायचे, "अगदी असाच मान डोलवनारा एक माणूस आमच्या वळखीचा हाय बगा!" स्वतःचं नाव मात्र एकानंही सांगितलं नाही. वाचकहो, तुमचंही काही चुकलेलं नाही; तुम्हालाही आत्ता दुसराच कुणीतरी आठवला.