दोन रिंगा आणि कट

आमच्या ऑफिसातल्या आठल्येकाकांचा एकच प्रश्न असायचा, आणि तो लिफ्टपासून लग्नाच्या मुलापर्यंत सगळ्यांना लागू व्हायचा: "लाइट गेली तर?"

मी नव्या फ्रिजचे पेढे वाटले, तेव्हा बाकीच्यांनी विचारलं किती लिटरचा. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "लाइट गेली तर किती वेळ थंड राहतो?" मामेबहिणीला सांगून आलेल्या मुलाचं कौतुक केलं, तर म्हणे, "पगार राहू दे गं. अडचण आली की हा उघडतो, मिटतो, की आहे तिथेच उभा राहतो?"

आता यात त्यांचा तरी काय दोष! तेव्हा परदेशी मालाला दारं नुकतीच उघडली होती आणि नोएडात जिकडेतिकडे नव्या कंपन्या उगवत होत्या. आमची कंपनी ॲक्च्युएटर विकायची. म्हणजे कारखान्यातल्या वाफेच्या पाइपांवरचे व्हॉल्व्ह माणसाऐवजी जे यंत्र उघडतं-मिटतं, ते. एक जात विजेच्या मोटरची, दुसरी हवेच्या दाबाची. साहेबांचा जीव परदेशी मोटरवर. काकांचा हवेवाल्यावर, तोही आत स्प्रिंग असलेला.

"हवा आहे तोवर स्प्रिंग दबून बसते," ते सांगायचे. "हवा गेली रे गेली, की आपणहून उठते आणि व्हॉल्व्ह बंद करते. कुणी सांगायची गरज नाही. तुमची मोटर लाइट गेली की आहे तिथे ढिम्म!"

एकदा साहेबांनी गाझियाबादच्या गिऱ्हाइकाला तासभर मोटर पटवली. तो सही करणार, एवढ्यात काका गोड आवाजात म्हणाले, "भाईसाहब, लाइट गई तो भाप कौन रोकेगा?" झालं! ऑर्डर मोटरऐवजी स्प्रिंगवाल्याची झाली. साहेब दोन दिवस काकांशी बोलले नाहीत.

काकांची आणखी एक खोड होती. रोज दुपारी एक वाजता घरी फोन लावायचा, दोन रिंगा होऊ द्यायच्या आणि कट. माणूस भलताच चिक्कू आहे, यावर आम्हा सगळ्यांचं बिल्कुल एकमत होतं. मी तर तोंडावर म्हटलं, "काका, कधी काकूंशी दोन शब्द बोला तरी! बिल कंपनी भरते." ते हसले आणि डबा उघडायला बसले.

एक दिवस बाहेरच्या खोदकामात ऑफिसच्या फोनची केबल तुटली. एक वाजला. काकांनी मुका रिसीव्हर कानाला लावला, खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "चलो, स्प्रिंग सुटली असेल." मला वाटलं, यांचं डोकं फिरलं.

संध्याकाळी माझी सरोजिनी नगरची बस चुकली, म्हणून काका मला चहाला घरी घेऊन गेले. नवी, अर्धी रिकामी सोसायटी. आत काकू पलंगावर होत्या. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली. ऑफिसात कुणालाच याचा पत्ता नव्हता! शेजारच्या चावला आंटी त्यांना खिचडी भरवत होत्या.

"एक बजे घंटी नहीं बजी, तो मैं चाबी लेके आ गई. तब से यहीं हूँ," आंटी म्हणाल्या.

काका खुलले. "बघ, भिंत इतकी पातळ आहे की आमची रिंग यांना पलीकडे ऐकू येते. वाजली की मी ठीक आहे. नाही वाजली, तर मी मेलो असेन नाहीतर लाइन मेली असेल. काहीही असो, ह्या आत येतात!"

त्यांना चिक्कू म्हटल्याचं आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूंनी मात्र भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. एकेक शब्द जुळवत त्या म्हणाल्या, "आज... विसरलात... मला."

काकांनी केबल सांगितली, खोदकाम सांगितलं. काकू वळेनात. काय काय बंद पडेल याचा आयुष्यभर हिशेब मांडणाऱ्या या माणसाच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, की त्या दोन रिंगांची कुणी पडल्या पडल्या वाट बघत असेल.

मग काका आंटींना म्हणाले, "ज़रा आपका फ़ोन..." आणि अनवाणीच शेजारी गेले.

पलंगाजवळचा फोन वाजला. एकदा. दोनदा. थांबला.

काकूंनी मान वळवली. चेहऱ्याची जी बाजू हलत होती, तेवढ्या बाजूनं त्या हसल्या आणि मला म्हणाल्या, "यांचा... होता."