कुंदाकाकूंची स्कूटर

शर्यतीच्या खेळात लाल सिग्नलला थांबणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय?

मी पाहिलाय. बडोद्यात, हरणीच्या आमच्या सोसायटीत, माझ्या समोरच्याच दारात. कुंदाकाकू. वय अडुसष्ट. जन्मभर स्कूटरवर मागे बसल्या, हँडलला कधी हात लावला नाही. लेक पुण्याला गेली तेव्हा जावयाचा व्हिडिओ गेम इथंच राहिला आणि काकू तो शिकल्या. पडद्यावर शहरातली शर्यत सुरू होते, सगळे सुसाट सुटतात आणि काकूंची निळी स्कूटर पहिल्याच सिग्नलला उभी राहते.

हा खेळ ऑनलाइन, त्यामुळे मागच्या पोरांचे आवाजही ऐकू येतात. एकदा एकजण वैतागून म्हणाला, "माजी, आ रेस छे, वरघोडो नथी." म्हणजे आजी, ही शर्यत आहे, वरात नव्हे.

"तो तमे आगळ जाओ ने, दीकरा," काकू म्हणाल्या, आणि हिरवा लागेपर्यंत हलल्या नाहीत.

आता माझ्याविषयी. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला मुलगा. आमच्या घरी वाणसामान एक वेळ उशिरा यायचं, पत्रकांचा गठ्ठा नाही. साहजिकच व्हिडिओ गेमविरुद्ध मी 'खेळ नव्हे, सापळा!!' असं जळजळीत पत्रक काढलं आणि पहिली प्रत काकूंना नेऊन दिली. निदान एक घर तरी वाचवावं म्हणून.

काकूंनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं. "छान लिहिलंयस. पण ओरडतोयस कुणावर?" असं म्हणून त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला आणि गेमचा रिमोट माझ्या हातात दिला. "एकदा चालव. मग विरोध कर."

शत्रूचा अभ्यास करावा, या तत्त्वाला धरून मी बसलो. पहिल्याच वळणावर मी एका हॉटेलच्या काचेत शिरलो. दुसऱ्या वेळी समुद्रात.

"व्यवस्था उलथवायला निघालायस," काकू म्हणाल्या, "आणि साधं वळण घेता येत नाही होय रे?"

मागे स्टुलावर बसलेले अण्णा खुदकन हसले. अण्णा म्हणजे काकूंचे यजमान, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते रोज त्या स्टुलावर, काकूंच्या अगदी पाठीशी, खांद्यावर हात ठेवून बसतात. मला वाटायचं, बायकोच्या खेळाचं कौतुक असेल.

पत्रकाचा दुसरा भाग लिहायला अनुभव हवा, असं कारण सांगून मी रोज जाऊ लागलो. अजूनही मी समुद्रातच जातो. पण एका संध्याकाळी दार उघडंच होतं, खेळ सुरू झाला होता आणि माझी चाहूल दोघांनाही लागली नाही. पडद्यावर ताडाची झाडं होती, उंच काचेच्या इमारती होत्या; आमच्या जुन्या बडोद्यातलं काहीच नव्हतं.

"चांपानेर दरवाजा आला हं," काकू म्हणाल्या. "गर्दी आहे."

"डावीकडून काढ, कुंदा. भांड्यांच्या दुकानापाशी गाय असते."

"आहे. बसलीय मधोमध."

"हळू. मांडवी आली?"

"ही काय, आलीच."

अण्णांना काचबिंदू आहे, हे मला माहीत होतं. त्यांची स्कूटर विकली, हेही माहीत होतं. दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलीय, हे मात्र त्या दारात उभं राहून कळलं. खोट्या चित्राविरुद्ध बोलणं हे मी माझं काम समजतो. समोर ताडाची झाडं दिसत होती आणि मी गप्प राहिलो.

लहरीपुरा दरवाज्याच्या आसपास कुणीतरी भरधाव येऊन काकूंना मागून उडवलं. मोठा आवाज झाला. अण्णांनी काकूंचा खांदा घट्ट धरला.

"पडलीस का गं?"

"नाही हो. घासून गेलं कुणीतरी."

धडक बसली की हा खेळ पुन्हा सुरुवातीला नेऊन सोडतो. काकूंनी रिमोट मांडीवर ठेवला.

"सूरसागर तळं आजही राहिलं," अण्णा म्हणाले. "तिथल्या कट्ट्यावर बसलो असतो जरा."

"उद्या जाऊ."

आजवर त्या दोघांना कुणी तिथवर पोचू दिलेलं नाही.

म्हणून ही विनंती. तुम्ही, तुमची मुलं, कुणीही हा खेळ खेळत असाल, तर संध्याकाळी रस्त्याच्या कडेनं एक निळी स्कूटर सावकाश जाताना दिसेल. तिला ठोकू नका. बाजूनं पुढं निघून जा. आणि जाताना हॉर्न वाजवू नका, मागे बसलेला माणूस दचकतो.