डिस्पोजिशन तात्या

तात्या कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांच्या जागा बदलतात. 'तुमी उठा, तिकडं पंख्याखाली बसा. वहिनी, तुमी दारापाशी नका बसू, तुमचं लक्ष रस्त्याकडं राहतं आन् चहा उतू जातो. पोरीला हिकडं घ्या.' आपल्याच घरात आपण पाहुण्यासारखे उठतो आणि ते दाखवतील तिथे जाऊन बसतो. मी बारामती एमआयडीसीतल्या दूध प्रकल्पावरून दिवसभर उभा राहून येतो, हेल्मेट काढून जेमतेम टेकतो, तेवढ्यात हे दारात उभे असतात. सुरुवातीला मला राग यायचा. अजूनही येतो, पण आता मी उठतो.

त्यांचं खरं नाव सांगितलं तर आमच्या अंथुर्ण्यात कुणी घर दाखवणार नाही. 'डिस्पोजिशन तात्या' विचारा, लहान पोरसुद्धा बोट करेल. नोकरी इंदापूरच्या कोर्टात कारकुनीची झाली. रिटायर झाल्यावर आमच्या आळीच्या टोकाला दोन खोल्या बांधून राहिले. मूळचे माणदेशातले. बायको लग्नानंतर लवकरच गेली, मूलबाळ नाही, पुन्हा लग्न केलं नाही. एवढीच माहिती गावाला होती आणि गावाने जास्त विचारलंही नाही.

तो शब्द त्यांनी कोर्टातून आणला. तिथे खटला निकाली निघाला की कागदावर तो शब्द यायचा. एकदा त्यांनी डिक्शनरी उघडली तर त्याच शब्दाचे आणखी अर्थ निघाले. माणसाचा स्वभाव म्हणजे डिस्पोजिशन. वस्तूंची मांडणी म्हणजेही डिस्पोजिशन. मनाचा कल तोच, मालमत्तेची विल्हेवाट तीच. दुसरा कुणी डिक्शनरी मिटून चहाला गेला असता. तात्या त्या पानावरून कधी उठलेच नाहीत.

'साहेब,' ते मला अजूनही साहेबच म्हणतात, 'इंग्रज काय येडा न्हवता. त्यानं स्वभावाला आन् मांडणीला एकच शब्द का ठेवला? कारण माणूस वाईट नसतोय. चुकीच्या जागी बसलेला असतोय. जागा बदला, स्वभाव बदलतोय, मग भांडाण आपोआप निकाली. एका शब्दात सगळं हाय.'

हे तत्त्व त्यांनी पहिल्यांदा शेजारच्या विठ्ठलरावांच्या गोठ्यात वापरलं. लाथाडणारी म्हैस भिंतीकडे नेली, गरीब म्हैस मध्ये बांधली आणि रेडकाची जागा बदलली. दूध वाढलं असं विठ्ठलराव सांगतात. मी दुधातच नोकरी करतो, त्यामुळे माझा विश्वास नाही, पण म्हैस लाथा मारायची थांबली हे मी स्वतः पाहिलंय.

सगळीकडे जमलं असं नाही. दूध संकलन केंद्रावर रांगेत सतत बोलणाऱ्या दोन बायकांना त्यांनी रांगेच्या दोन टोकांना उभं केलं. बायका बोलायच्या थांबल्या नाहीत, ओरडून बोलायला लागल्या आणि मधल्या सगळ्यांना त्यांच्या सुनांची माहिती झाली. एसटीत तर एकदा त्यांनी बारामतीपासून अर्धी गाडी उठवून बसवली. शेवटी कंडक्टर म्हणाला, 'आबा, तुमी तिकीट अंथुर्ण्याचं काढलंय. गाडीचं न्हाय काढलं.' तात्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. घरी येऊन मला म्हणाले, 'कंडक्टरची डिस्पोजिशन मागच्या दारापाशी चांगली राहती. पुढं आला की बिघडतो.'

माझ्या बायकोने, सुनंदाने, मात्र एकदा त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. त्यांनी स्वयंपाकघरातले डबे हलवले आणि तिने साखर समजून पाहुण्यांच्या चहात मीठ घातलं. 'तात्या, माणसं हलवा. माझ्या डब्यांना हात लावायचा न्हाय,' एवढं तिने बजावलं. तेव्हापासून ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरूनच डब्यांकडे हळहळत बघतात.

पण गेल्या वर्षी आमच्या मुलीचं, प्राजक्ताचं, लग्न ठरलं आणि याच सुनंदाने त्यांना स्वतःहून बोलावणं पाठवलं.

अडचण होती सुनंदाच्या दोन भावांची. दोघे सोमेश्वरनगरकडचे ऊस बागायतदार. घरं एका भिंतीची, रानं एका बांधाची, आणि बोलणं बंद. कारण एवढंच की थोरल्या आण्णांचा ऊस तोडीला आधी गेला आणि धाकट्या दिलीपचा तुरा येऊन वजन घटेपर्यंत उभा राहिला. आण्णांनी वशिला लावला असं दिलीपचं म्हणणं. तोडणीची टोळी आपल्या पायांनी आली असं आण्णांचं. पुढे कितीतरी हंगाम गेले, पण त्या एका तोडीवर गाडी अडली ती अडलीच.

आणि आमच्याकडे मामाशिवाय मुलीचं लग्न लागत नाही. मामाने भाचीला हाताला धरून मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. आण्णांचा फोन आला, 'तो उभा राहणार आसंल तर मी लांबूनच अक्षता टाकीन.' दिलीपचाही तोच फोन, शब्दसुद्धा तेच. एकाला उभं केलं तर सुनंदाचं दुसऱ्याकडचं माहेर तुटतं. तिचं जेवण कमी झालं. प्राजक्ता तर म्हणाली, 'मग मी रजिस्टर लग्न करते.' एवढा मंडप ठरवून बसलेला बाप काय करणार? मला दोन्ही मेव्हण्यांचा इतका संताप आला होता की मी दोघांनाही येऊ नका म्हणणार होतो.

तात्यांनी सगळं ऐकलं. मला पंख्याखालून उठवून दारापाशी बसवलं, म्हणजे विषय गंभीर होता. मग सुनंदाला विचारत राहिले. थोरला रिकामा बसू शकतो का? नाही. धाकट्याला दुसऱ्याने केलेलं काम पसंत पडतं का? जन्मात नाही. लहानपणी आजारी कोण पडायचं? धाकटा. मग उशाशी कोण बसायचं? सुनंदा जरा थांबली आणि म्हणाली, 'आण्णा.'

'झालं मग,' तात्या म्हणाले. 'दोघांना हळदीला बोलवा. तोंडातोंडी बसवायचं न्हाय. कामाला लावायचं.'

हळदीच्या दिवशी आमच्या दारात मांडव होता आणि चुली गोठ्यामागे. दोघे मेव्हणे आले. एक मांडवाच्या या खांबाला टेकला, दुसरा त्या. ऐन पंगतीच्या वेळी आचाऱ्याचे दोन्ही गडी गायब झाले. तात्यांनी त्यांना लिंबं आणायला पाठवलं होतं, घरात लिंबांची पाटी भरलेली असताना. भाताचं भलंमोठं पातेलं चुलीपाशी, पंगत मांडवात. 'आण्णा, जरा कडी धरा,' तात्या म्हणाले. आण्णा हललेच, रिकामे उभे राहून कंटाळले होते. दुसऱ्या कडीला गोणपाट गुंडाळून तात्या स्वतः वाकले आणि कंबर धरून तिथेच खाली बसले. दिलीप लांबून बघत होता. म्हाताऱ्याला हे काम येत नाही, हे त्याला सहन झालं नाही. त्याने येऊन कडी धरली.

दोघांनी पातेलं उचललं. कुणी कुणाकडे बघेना. गोठ्याजवळची वाट अरुंद, म्हणून आण्णांना उलटं चालावं लागत होतं. मी मागून जात होतो. मांडवाचा ताणलेला दोर आण्णांच्या टाचेमागे आला. दिलीपला तो दिसत होता, आण्णांना नाही. दिलीपने ओठ घट्ट मिटले होते. आण्णांनी पाय उचलला.

'आण्णा, मागं दोर हाय.'

आण्णा थांबले. 'व्हय,' म्हणाले. 'डावीकडं घिऊ?'

'घे. हळू. आता खाली ठिव.'

पातेलं खाली ठेवल्यावर आण्णांनी दिलीपचा हात धरून तळवा उलटा केला. 'भाजलं का?'

'न्हाय. तुला?'

मग दिलीपने झाकण काढलं, शीत दाबून बघितलं आणि दोघेही एकदमच आचाऱ्यावर तुटून पडले की भात गिचका झालाय. पुढची सगळी पंगत दोघांनी मिळून वाढली आणि मिळून आचाऱ्याला नावं ठेवली. सुनंदा आत जाऊन रडली. माझ्या जिवात जीव आला, खोटं कशाला सांगू.

तात्या गोठ्याच्या भिंतीला टेकून घाम पुसत होते. मी म्हणालो, 'तात्या, पातेलं पडलं असतं तर पंगत उपाशी राहिली असती.'

'निम्मा भात आधीच काढून झाकून ठेवलाय,' ते म्हणाले. 'डिस्पोजिशनवर इश्वास हाय, पर येवढा न्हाय.'

दुसऱ्या दिवशी कार्यालयात प्राजक्ताच्या पाठीशी दोन्ही मामा उभे राहिले, एक डाव्या खांद्यामागे, एक उजव्या. अक्षता पडल्या आणि सगळं सुखरूप पार पडलं.

मग घरच्यांचा फोटो. फोटोग्राफरच्या हातातून काम तात्यांनी काढून घेतलं हे सांगायला नको. उंच दिलीप मागे, आण्णा त्याच्या शेजारी. नवरदेवाच्या तापट आत्याच्या मांडीवर कुणाचं तरी झोपाळू बाळ, म्हणजे तिला बोलता येणार नाही. सगळं मनासारखं झाल्यावर ते स्टेजवरून उतरायला लागले.

'तात्या, तुम्हीपण या ना,' प्राजक्ता म्हणाली.

'मी कशाला? मी घरचा न्हाय.'

'या म्हणते ना.'

ते परत वर आले. सगळ्यांकडे एकदा बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. आणि मग मला त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, 'साहेब, मी कुठं उभा ऱ्हाऊ?'

आमच्या आळीत इतकी लग्नं त्यांनी मांडली, पण एकाही घरच्या फोटोत हा माणूस मी पाहिलेला नव्हता. आण्णा आणि दिलीप बाजूला सरकले, मध्ये जागा केली.

'न्हाय, न्हाय,' तात्या घाबरून म्हणाले. 'तुमी दोघं लांब हू नका. कालच कुठं जवळ आलाय.'

सुनंदाच्या शेजारच्या खुर्चीवरचे पाहुणे एवढ्यात उठून जेवायला गेले होते. तिने खुर्चीवर हात ठेवला. 'हितं बसा, तात्या. ही माझ्या भावाची जागा हाय.'

ते बसले. फोटोग्राफरने दोन-तीन फोटो काढले आणि झालं म्हणाला. सगळे उतरले, जेवायला पांगले, नवरानवरीसुद्धा गेली. तात्या तिथेच होते, गुडघ्यांवर हात ठेवून, ताठ.

'झाला फोटो, तात्या,' मी म्हणालो.

'व्हय, कळलं,' ते म्हणाले. 'जरा बसू द्या.'