नाव वाचून पाणी पिणारे साळवेकाका

आमच्या सोसायटीत साळवेकाकांना पाणी द्यायला कुणी आपणहून पुढे होत नाही. काका पेला हातात घेतात, उजेडाकडे धरतात, कडेने फिरवतात, त्यावर कोरलेलं नाव मोठ्याने वाचतात आणि रडतात. मग पाणी पितात. यात पाच मिनिटं सहज जातात आणि तोवर देणाऱ्याने ट्रे धरून उभं राहायचं.

रडणंही साधंसुधं नाही. हुंदका नाही, आवाज नाही, नुसत्या धारा लागतात, आणि काका आपले बोलतच असतात. आपणच कावरेबावरे झालो तर खांद्यावरचा नॅपकिन हातात घेत म्हणतात, "चालू दे तुझं. हे आपोआप थांबतं."

काकांनी अंधेरीच्या एका दुकानात चाळीस वर्षं भांड्यांवर नावं कोरली. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, कुणाची वास्तुशांत, सगळ्यांची ताटंवाट्या त्यांच्या मशीनखालून गेल्या. आता ते बोरीवलीत आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एकटेच राहतात. मशीनच्या चिरचिरीने कान थोडे गेलेत, म्हणून आवाज मोठा. डोळे मात्र शाबूत आहेत. माझ्या एका डब्यावरचं नाव वाचून म्हणाले होते, "हा 'ळ' बघ. इथे याचा हात हलला. लग्नाचा सीझन असणार, बिचारा जेवलाही नसेल." आणि त्या कुठल्याशा उपाशी माणसासाठी नॅपकिन डोळ्यांना.

तिसऱ्या मजल्यावरच्या शाहबेनकडच्या भांड्यांवर गुजराती अक्षरं आहेत. काकांना गुजराती ओ की ठो येत नाही. तरी तिथेही रडले. माझा नवरा नीलेश तसा फटकळ. त्याने विचारलं, "काका, वाचता येत नाही, मग रडता कशाला?"

"अरे, ओळ बघ ना," काका म्हणाले. "वर रेघ नाही आधाराला, तरी किती सरळ नेलीय. ज्याने कोरलं त्याने जीव लावून कोरलंय."

नीलेश गप्प बसला. त्याला गप्प बसवणं मला सतरा वर्षांत जमलेलं नाही, म्हणून त्या दिवसापासून मी काकांना मानते.

या वाचनाचे तोटेही आहेत. सेक्रेटरींच्या घरी सत्यनारायण होता. काका प्रसाद घ्यायला गेले आणि शिऱ्याच्या कढईवरचं नाव वाचून सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, ही तर पहिल्या मजल्यावरच्या परबवहिनींची. नाव आहे ना, मग माणूस आहे." परबवहिनी तिथेच मांडी घालून बसल्या होत्या. ती कढई त्या तीन वर्षं शोधत होत्या. पुढचे दोन महिने त्या दोन घरांत लिफ्टमध्येसुद्धा बोलणं नव्हतं. काकांना मात्र त्याचं काही नाही. भांडं घरी गेलं, यातच त्यांना आनंद. कढई पोचवायला स्वतः गेले आणि वहिनींच्या दारात रडले.

जिथे चारचौघं रडतात तिथे हे कोरडे ठणठणीत. शाहबेनच्या मुलीच्या पाठवणीला अख्खी बिल्डिंग डोळे पुसत होती, काका शांतपणे दुसरी जिलेबी खात होते. मग कुणीतरी आहेराचा डाव त्यांच्यासमोर ठेवला. त्यावर 'मावशीकडून' एवढंच होतं. झालं. नवरीची गाडी निघून गेली तरी काकांचं आटपेना.

आमच्याकडे ते दर रविवारी सकाळी पेपर न्यायला येतात. आमच्या घरी त्यांची एकच फर्माईश. "पाणी दे. त्याच पेल्यात."

तो पेला माझ्या आईचा. आई गेल्यावर तिचं दहिसरचं घर आवरलं तेव्हा तिची सगळी भांडी मी इकडे आणली. त्यात एक जाडजूड, जरासा चेपलेला पेला होता. त्यावर 'सुमन' एवढंच कोरलेलं, आणि पुढे पाच पाकळ्यांचं फूल. आमच्या घराण्यात सुमन नावाचं कुणी नाही. आईलाही सांगता यायचं नाही. आम्ही लहानपणापासून त्या पेल्यालाच सुमन म्हणायचो. आता माझी लेक रेवाही म्हणते. "आई, मला सुमनमध्ये दूध दे." "सुमन कुठे ठेवलास?" काकांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते इतके रडले की मी त्यांचं बीपी तपासायला डॉक्टरांकडे चला म्हणून मागे लागले होते. अर्थात काका रडले यात नवल ते काय, म्हणून पुढे कुणी काही विचारलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या किचनचं काम निघालं. नव्या ट्रॉल्या, नवी काचेची भांडी. आईचं जुनं स्टील मोडीत द्यायचं ठरलं. दोन पोती भरून बाल्कनीत ठेवली. सोमवारी दुकानवाला येऊन नेणार होता. खरं सांगायचं तर पोती भरताना मी मुद्दामच भराभर हात चालवले. एकेक भांडं बघत बसले असते तर एकही सुटलं नसतं.

रविवारी काका आले. रेवाने नव्या काचेच्या ग्लासात पाणी आणून दिलं. काकांनी ग्लास उजेडाकडे धरला. फिरवला. पुन्हा फिरवला.

"याच्यावर काही नाही," ते म्हणाले.

"नवीन आहेत काका," मी म्हटलं. "जुनं सगळं मोडीत देतेय. उद्या नेतील."

"सगळं?"

"सगळं. कोण घासत बसणार?"

"बरं," काका म्हणाले. ग्लास तसाच भरलेला टेबलावर ठेवला आणि उठले. पेपर न घेताच गेले. आणि डोळे कोरडे. सहा वर्षांत पहिल्यांदाच काका आमच्या घरून न रडता गेले. मला ते काही बरं वाटेना.

रेवा दारातच उभी होती. तिने विचारलं, "आई, तू सुमनपण दिलास?"

मी बाल्कनीत फतकल मारून दोन्ही पोती उपसली. कळश्या, डबे, आईच्या बारशाला, लग्नाला, माझ्या बारशाला आलेली ताटं, सगळ्यांवर नावं. ती वाचायला नकोत म्हणून जी घाई केली होती, ती सगळी फुकट गेली. पेला तळाशी होता. तो घेऊन मी चपला न घालताच खाली गेले.

काकांच्या घरी मी आत अशी कधी गेलेच नव्हते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली काकूंचा फोटो. मांडणीवर चारच भांडी, लखलखीत घासलेली. एकावरही नाव नाही. जन्मभर लोकांची नावं कोरली आणि घरची भांडी कोरी.

मी पेला पुढे केला. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, फुलावर अंगठा ठेवला.

"हे फूल मी कोरलंय," ते म्हणाले. "माझं लग्न ठरलं होतं. शेठ जेवायला गेला तेव्हा कोरलं. नुसतं नाव. पुढे 'सौ.' लावायची हिंमत झाली नाही, लग्न व्हायचं होतं ना. दहिसरला राहायचो आम्ही. चाळीत कुणाकडे बारसं होतं, तेव्हा सगळ्यांकडून भांडी गोळा केली, त्यात गेला. परत आला नाही. आठवडाभर बोलली नाही माझ्याशी, मीच देऊन टाकला म्हणून."

बारसं बहुधा माझंच. आईही दहिसरच्या चाळीतलीच. "काका, मग पहिल्याच दिवशी मागितला का नाही? दुसऱ्यांच्या कढया घरोघर पोचवता आणि स्वतःचा पेला सहा वर्षं आमच्याकडे ठेवला? घ्या हा. तुमचाच आहे."

काकांनी मान हलवली. "इथे ठेवून काय करू? बायकोला मी जन्मभर 'अगं' म्हणालो. आमच्यात नाव घ्यायची पद्धत नव्हती. ती होती तोवर तिचं नाव मी एकदाच काढलं, तेही मशीनने. पोरंबाळं नाहीत. तिचे भाऊ गेले, बहिणी गेल्या. तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही बघ." पेला त्यांनी माझ्या हातात परत दिला. "तुझ्या घरात दिवसातून चारदा कुणीतरी तिला हाक मारतं. मला अजून काय पाहिजे? तेवढं ऐकायला येतो मी. पेपर तर मी फोनवर वाचतो."

ज्या बाईच्या पेल्यातून मी लहानपणी दूध प्यायले, तिचे आभार मानायचेच राहून गेले होते. मी काकूंच्या फोटोकडे बघून मनातल्या मनात मानले. आईचेही मानले, पेला परत करायला विसरली म्हणून.

तेवढ्यात जिन्यावरून रेवाची हाक आली. काकांना ऐकू जाईल एवढी मोठी. "आई, सुमन सापडला का?"

काकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. नॅपकिन खुंटीवर होता. मी तो काढला, आधी माझे डोळे पुसले आणि मग त्यांना दिला.