उत्तर दिशेला गुरुवारी सुट्टी

मुलांनो, डोळे मिटा आणि उत्तर दिशेला हात करा. घरच्यांना विचारायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. केलात? आता गोष्ट संपेपर्यंत तो हात तसाच राहू द्या. (डोळे उघडा. नाहीतर वाचणार कसे?)

दिशा चारच असल्या, तरी त्या नेमक्या कुठे आहेत हे ठरवायला एखादी संस्था लागते. चिखलीत ही सोय ‘गगनवेध वैमानिक फाउंडेशन’ने केली. खाली भंगाराचं वर्कशॉप आणि वरच्या मजल्यावर गगनवेध. इथे पाचवी ते सातवीच्या मुलांना आत्तापासूनच व्यावसायिक वैमानिक करतात, कारण बारावीपर्यंत थांबलं तर आकाशात जागा शिल्लक राहील याची खात्री नाही. आजवर एकशे बारा मुलं इथून शिकून बाहेर पडली. त्यांच्यापैकी एकाचंही विमान पडलेलं नाही. (उडालेलंही नाही, पण माहितीपत्रकात तेवढी जागा उरली नव्हती.) संचालक रणजीत सरांचा विमानाचा अनुभव दांडगा. ते एकदा पुण्याहून नागपूरला गेले होते, मधल्या सीटवर.

सहावीतल्या आम्रपालीला गगनवेधकडून एकच गोष्ट हवी होती. वर्षाअखेरीला बॅचमध्ये पहिल्या येणाऱ्या मुलाला खऱ्या विमानात, खऱ्या वैमानिकाच्या शेजारी बसून एक फेरी मिळायची. ती सीट. त्या सीटसाठी तिने सगळं शिकून घेतलं. विमानाचं नाक जिकडे असतं ते हेडिंग. विमान खरोखर जातं तो ट्रॅक. वारा या दोन्हींत जो फरक पाडतो तो ड्रिफ्ट. हे तिला नुसतं पाठ झालं नाही, कळलंही, आणि तीच तिची पहिली चूक. गगनवेधमध्ये व्याख्या पाठ करायची पद्धत आहे. कळून घेण्यात फार वेळ जातो.

मग डेव्हिएशनचा धडा आला. जवळच्या लोखंडामुळे किंवा चुंबकामुळे होकायंत्राची सुई खऱ्या दिशेवरून ढळते, त्याला डेव्हिएशन म्हणतात. ही नोट सरांनी तीनदा लिहून घेतली, भोवती लाल चौकट करायला लावली आणि ‘दोन मार्कांना हमखास’ असं सांगितलं. त्यानंतर त्यांनी होकायंत्र टेबलावर ठेवलं. सुई गर्रकन फिरली आणि सरांच्या खुर्चीकडे तोंड करून थांबली.

“ही उत्तर,” सर म्हणाले, आणि खुर्चीच्या पाठीला ‘उ’ लिहिलेली चिठ्ठी चिकटवली.

“पण सर,” आम्रपाली म्हणाली, “सकाळचं ऊन तर तुमच्या पाठीमागच्या खिडकीतून येतं.”

“ऊन काय, कुठूनही येतं, बाळा. होकायंत्र इम्पोर्टेड आहे.”

पंचाईत व्हायची ती गुरुवारी. त्या दिवशी सुई खुर्ची सोडून चपलांच्या स्टँडकडे वळायची. सरांसारख्या माणसाने असल्या सुईपुढे हार मानली नाही. परिपत्रक क्रमांक सात निघालं: ‘औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असल्याने त्या दिवशी उत्तर दिशा बंद राहील. पालकांनी सहकार्य करावे.’ पालकांनी केलं. त्यांच्यातल्या निम्म्यांना गुरुवारचीच सुट्टी होती. दिशेलाही असावी, यात त्यांना वावगं वाटलं नाही. एका वडिलांनी फक्त विचारलं की ओव्हरटाइम असला तर काय.

आम्रपालीचे बाबा, धम्मरत्न, त्याच इमारतीच्या तळमजल्यावर वर्कशॉपमध्ये क्रेन चालवायचे. जेवताना तिने विचारलं, “बाबा, गुरुवारी तुमच्याकडे काय काय बंद असतं?”

“सगळंच की. लाइट नाही, क्रेन नाही, चुंबक नाही.”

“कसलं चुंबक?”

“भंगार उचलायचं. बैलगाडीच्या चाकाएवढं आहे, दिवसभर चालू असतं. वर छताला लागून टांगलेलं, अगदी तुमच्या सरांच्या खुर्चीखाली. का गं?”

आम्रपालीने घास ताटात ठेवला आणि डाव्या हाताने वहीतली लाल चौकट उघडली.

दुसऱ्या दिवशी तिने भर वर्गात हे सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“डेव्हिएशन कुठे होतं?”

“जवळ लोखंड नाहीतर चुंबक असेल तिथे, सर.”

“धड्याचं नाव काय?”

“विमानातील होकायंत्र.”

“आपण विमानात आहोत?”

“नाही, सर.”

“मग बस खाली. आणि वडिलांना सांग, खालच्या मजल्याने वरच्या मजल्याच्या अभ्यासक्रमात लक्ष घालू नये.”

“गप की राव, आमू,” शेजारचा गणराज कुजबुजला. “मार्क जातील.”

गेले. शंभरपैकी नव्याण्णव मिळाले. उत्तर दिशेचा एक कापला. तरी तीच पहिली आली. प्रगतिपत्रकावर शेरा होता: ‘विद्यार्थिनी हुशार, पण दिशाहीन.’

शनिवारी सकाळी चाळीस मुलं पालकांसह विमानाच्या मैदानावर पोचली. दोनच सीटचं छोटं विमान उभं होतं. वैमानिक कॅप्टन योगिनी हसून म्हणाल्या, “चला, उत्तर कुठे आहे दाखवा बरं.”

क्षणभर गोंधळ झाला, कारण खुर्ची कुणी आणली नव्हती. मग मुलांनी विचार केला (हा अभ्यासक्रमाबाहेरचा भाग) की खुर्ची नसली तरी सर आहेत. एकोणचाळीस हात सरांकडे झाले. सर चहाच्या थर्मासपाशी उभे होते. ते बिस्किटासाठी डावीकडे सरकले, हात डावीकडे सरकले. ते हात धुवायला नळावर गेले, सगळे हात मागोमाग नळावर गेले. पालकांनी टाळ्या वाजवल्या.

“हे काय चाललंय?” कॅप्टन योगिनींनी विचारलं.

“शिस्त, मॅडम,” रुमालाला हात पुसत सर म्हणाले.

चाळिसावा हात आम्रपालीचा. उगवता सूर्य उजव्या खांद्याशी धरून ती उभी होती आणि तिचा हात समोर, लांबच्या पाण्याच्या टाकीकडे होता. सर हळूच तिच्यापाशी आले.

“आम्रपाली, पहिली तूच आहेस. मुकाट्याने माझ्याकडे हात कर, सीट तुझी. नाहीतर गणराज जाईल.”

गणराजचा चेहरा पडला. त्याला चिंचवडच्या बसमध्येसुद्धा उलटी व्हायची.

आता जरा तुमचा हात बघा. अजून वर आहे? शाबास. दुखत असेल. तो आहे तिकडेच उत्तर, हे तुम्हाला कुणी सांगितलं? सूर्याने, की कुणाच्या तरी खुर्चीने? परीक्षेत हा प्रश्न येत नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

आम्रपालीने हात खाली घेतला.

“सर, आधी तुमचा एक फोटो काढू या का? तिकडे टाकीपाशी उजेड फार छान आहे.”

फोटोला सर कधीच नाही म्हणत नसत. त्यांचं बोट धरून ती त्यांना मैदानातून चालवत टाकीपर्यंत घेऊन गेली, पावलं मोजून जागेवर उभं केलं, कॉलर नीट केली, हलायचं नाही असं बजावलं, आणि परत येऊन रांगेत उभी राहिली. मग, सरांनी सांगितलं होतं तसाच, तिने मुकाट्याने सरांकडे हात केला, आणि कॅप्टन योगिनींनी विमानाचं दार उघडेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.