समुद्राची तालीम

आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे जिजी, कुठलीही गोष्ट तालीम घेतल्याशिवाय होऊ देत नसत. "आयत्या टायमाला घोळ नको," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. धाकट्या नणंदेच्या लग्नाआधी दोन दिवस त्यांनी पाठवणीची तालीम घेतली. नणंदेला उंबऱ्यात उभं केलं, सासूबाईंना तिच्या गळ्यात पडायला लावलं, आणि सगळं घर इतकं मनापासून रडलं की खऱ्या पाठवणीला कुणाच्या डोळ्यांत टिपूस उरलं नाही. पिंपरी पेंढारची माणसं कोरडी, असं आमच्या गावाबद्दल पाहुण्यांत बोलणं झालं.

माझ्या पहिल्या खेपेला तर दिवस भरायच्या महिनाभर आधीच त्यांनी मला जीपमध्ये घालून आळेफाट्याच्या दवाखान्यात नेलं. किती वेळ लागतो ते बघायला. काय होतंय म्हणून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर जिजी म्हणाल्या, "अजून काय न्हाई."

माझं माहेर पेठ गावचं, वडील शिक्षक. असल्या प्रकारांनी माझं डोकं उठायचं. पण जाऊ थोरली, बोलायची सोय नव्हती.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात जिजींनी जाहीर केलं की पोरांना समुद्र दाखवायचा. त्यांची दोन, माझी दोन आणि नणंदेचा एक, अशी पाच पोरं. मोठ्या दिरांना आम्ही दादा म्हणतो. त्यांची टोमॅटो वाहायची जीप होतीच. घरातली माणसं कधी नव्हे ती एका सुरात हो म्हणाली आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

रोज संध्याकाळी जीप अंगणात उभी. इंजिन बंद, दादा स्टेअरिंगवर, पोरं मागे. जिजी समोर उभ्या राहून ओरडायच्या, "माळशेज आला." पोरांनी डावीकडे कलायचं, मग उजवीकडे. "उलटी," म्हटलं की प्रत्येकानं आपापली पिशवी तोंडाशी धरायची. माझी धाकटी पाच वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी ती हलतसुद्धा नसलेल्या त्या जीपमध्ये खरोखरच ओकली. जिजींना फार समाधान वाटलं. बघ, कळलं ना आताच, असं म्हणून त्यांनी तिला खिडकीची जागा दिली. मलाही त्या बसायला सांगायच्या. मी गेले नाही. मला काही तालीम नको होती.

पुढं पोरांना शेतावरच्या हौदात गुडघाभर पाण्यात उभं करून एकमेकांचे हात धरायला शिकवणं झालं. दशम्या किती दिवस टिकतात, हे बघायला चार दशम्या फडक्यात बांधून ठेवून रोज एक खाणं झालं. शेवटची दादांनी खाल्ली. ते काहीच बोलले नाहीत, त्यामुळे ती चांगली होती की वाईट ते कळलं नाही.

पण आमचं खरं वाजलं ते कुठं जायचं यावरून. मी म्हणत होते, माळशेज उतरून कल्याण, पनवेल करत सरळ अलिबागला जाऊ, नाहीतर मुरूडला, पोरांना पाण्यातला किल्ला दिसेल. जिजींचा हट्ट रेवदंड्याच्या पुढच्या एका बारक्या गावाचा. तिथं ना किल्ला, ना देऊळ. तिथली वाळू बरी आहे, म्हणे. ज्या बाईनं नारायणगावापलीकडचं जग पाहिलं नाही, तिला वाळूची पारख कुठून आली, असं मी फटकन बोलून गेले. जिजींनी खाली मान घालून भाजी निवडली आणि दुसऱ्या दिवशी पोरांकडून पुन्हा त्याच गावाचं नाव घोकून घेतलं.

निघालो पहाटे. घाटात एकही पोर ओकलं नाही. मी ओकले, दोनदा. जिजींनी आपली पिशवी माझ्यापुढं धरली, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दुपार कलता कलता ते गाव आलं. समुद्र दिसताच पोरांनी शिकवल्याप्रमाणे हात धरले आणि एक साखळी करून दादांना ओढतच पाण्याकडे नेलं. जिजींनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. सीटखालून एक गाठोडं काढलं, पदर डोक्यावर घेतला आणि गल्लीत शिरून कुणाला तरी घर विचारू लागल्या. पोरं समुद्रात आणि बाई गावात, म्हणून मी तणतणत मागे गेले.

एका कौलारू घराच्या ओट्यावर खाटेवर एक म्हातारी पडली होती. एक हात लुळा. चेहरा ओळखीचा वाटला. मग आठवलं. घाट चढून आमच्याकडच्या आठवडे बाजाराला सुकट विकायला येणारी ती कोळीणबाई; जिजी दर बाजाराला तिच्यापाशी बोलत बसायच्या. दोन वर्षं झाली, ती दिसली नव्हती. माझ्या तर ते ध्यानातही आलं नव्हतं.

तिनं जिजींकडं बराच वेळ बघितलं. तोंड वाकडं झालं होतं, शब्द अडखळत होते. "आलीस गो," ती म्हणाली.

जिजी खाली बसल्या. गाठोड्यातून शेंगा, लसूण आणि एक चोळीचा खण काढून तिच्या उशाशी ठेवला. मग तिचे सुटलेले केस मांडीवर घेऊन, गुंता काढून, अंबाडा बांधून दिला. तासभर दोघी जवळजवळ काही बोलल्या नाहीत. मी ओट्याच्या कडेला बसून राहिले. हाक मारून घाई करावी, असं एकदाही वाटलं नाही.

परत येताना पोरं एकमेकांवर पडून झोपली होती. मी जिजींना विचारलं, एवढंच होतं तर सांगितलं का नाही?

"सुकटवालीला भेटायला कोन जीप काढील, शालन? पोरांना समुद्र दावायचा म्हनलं की समदी तयार व्हत्यात."

दादा पुढं गाडी चालवत होते. त्यांनी ऐकलं असावं.

थोड्या वेळानं मी विचारलं, बाजारात तुम्ही दोघी एवढं काय बोलायचा?

जिजींनी माझ्या धाकटीच्या पायाची वाळू झटकली. "लई काय न्हाई," त्या म्हणाल्या. "ती इचारायची, जेवलीस का."